विद्यार्थ्याचा योगक्षेम

विद्यापीठांचे इतिहास आपल्याकडे लिहिले जातात ते बहुधा कुलगुरूंच्या नामावळीने, इमारतींच्या कोनशिलांनी आणि पदवीदानाच्या भाषणांनी. अमुक साली कायदा झाला, अमुक साली अमुक विद्याशाखा उघडली, इतके पदवीधर बाहेर पडले, एवढे सांगून झाले म्हणजे इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो विद्यार्थी रात्री कोठे निजत होता, दुपारी काय जेवत होता, ज्या भाषेतून त्याला ज्ञान दिले जात होते ती त्याला कितपत कळत होती, आणि मन खचले असता त्याने कोणाचे दार ठोठवावयाचे, या प्रश्नांना त्या ग्रंथांत एखादे परिशिष्टही मिळत नाही. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणणार नाही. ते इतिहासाचे आहेत असे मात्र सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ते इतिहासाचेच आहेत असे दाखविण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या भाषेत याविषयी एक फार नेमका शब्द पूर्वापार चालत आला आहे, तो म्हणजे योगक्षेम. भाष्यकार त्याची फोड अशी करतात की, जे आपणापाशी नाही ते प्राप्त होणे हा योग, आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण होणे हे क्षेम. विद्येच्या बाबतीत ही फोड चांगली लागू पडते. महाविद्यालयात नाव दाखल होणे, शिष्यवृत्ती मिळणे, पदवी हाती येणे हा विद्यार्थ्याचा योग होय. आणि दाखल झालेला विद्यार्थी शरीराने व मनाने धड राहून शेवटपर्यंत टिकणे हे त्याचे क्षेम. गेल्या शंभर वर्षांत मराठवाड्यात योगाची वाढ अपूर्व झाली. क्षेमाची वाढ त्या मानाने झाली काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. तो हवेत राहू नये म्हणून आम्ही एक गाव डोळ्यांपुढे ठेवतो. ते गाव म्हणजे जालना जिल्ह्यातील भोकरदन.

भोकरदन निवडण्याचे कारण असे की, हे विद्येचे माहेरघर म्हणून कधी गाजलेले गाव नव्हे, आणि तरीही ते सामान्य नव्हे. केळणा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहूत येथील स्तूपांना ज्यांनी दाने दिली त्यांत भोगवर्धनाचे रहिवासी होते, आणि त्यांच्या गावाचे नाव तेथील शिलालेखांत आजही वाचता येते. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी त्याचा वृत्तान्त पुढील वर्षी प्रसिद्ध केला. त्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य पाहून विद्वानांचे लक्ष या गावाकडे वळले. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या पेठेतील कारागिरीचा धागा समुद्रापलीकडे जाऊन भिडत होता, ती पेठ पुढे काळाच्या ओघात मागे पडली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जवळच असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. त्या फौजांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती. त्यानंतर मात्र निजामाच्या राज्यातील एक तालुका यापलीकडे भोकरदनची ओळख उरली नाही. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील आगगाडी जालन्यापर्यंत आली. भोकरदनच्या वाट्याला ती आली नाही.

अशा गावात १९२० च्या सुमारास एखादा हुशार मुलगा निपजला, तर त्याने काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे पश्चिमेकडे वळले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांतीलच एक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, यांनी १८९४ साली मुंबईच्या पदवीधरांपुढे एक व्याख्यान दिले. त्याचा विषय होता पदवीधरांतील अकाली मृत्यूंचे वाढते प्रमाण. आदल्याच वर्षी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वयाच्या अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी वारले होते, आणि त्या शोकाची छाया सर्व सुशिक्षित समाजावर होती. रानड्यांचा विशेष असा की, ते शोक करून थांबले नाहीत. त्यांनी पदवीधरांच्या याद्या घेतल्या, निरनिराळ्या समाजांतील मृत्यूंची तुलना केली, आणि विद्यापीठाच्या परीक्षांचे व अभ्यासक्रमाचे ओझे या गोष्टीस कितपत कारण आहे हा प्रश्न विद्यापीठाच्याच अंगणात उभा केला. विद्यार्थ्याचे मरण हे केवळ त्याच्या नशिबाचे किंवा त्याच्या प्रकृतीचे प्रकरण नसून ज्या संस्थेने त्यास शिकविले तिने त्याचा जाब दिला पाहिजे, ही कल्पना महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे मांडली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. ही गोष्ट १८९४ सालची आहे हे वाचकांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या अखेरीस तिची पुन्हा गरज लागेल.

आता भोकरदनच्या मुलाकडे येऊ. त्याच्या राज्यात १९१८ साली हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे सर्व शिक्षण उर्दूतून होई. इंग्रजीच्या जागी एका देशी भाषेतून वैद्यक, कायदा, पदार्थविज्ञान असे सर्व विषय शिकविण्याचा तो प्रयत्न त्या काळी मोठा धाडसाचा होता. त्यासाठी स्वतंत्र भाषांतरखाते उभारण्यात आले होते. केवळ शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्या प्रयोगाचे मोल कोणीही नाकारू नये. परंतु जी भाषा हैदराबाद शहरातील एका वर्गास आपली होती, ती तेलंगणातील तेलुगू, कर्नाटकातील कानडी आणि आमच्या मराठी मुलास आपली नव्हती. घरी मराठी बोलून प्राथमिक शाळेत मराठी अक्षरे गिरविलेल्या मुलास पुढे इतिहासही उर्दूत शिकावयाचा आणि रसायनही उर्दूत. इंग्रजीतून शिकावयाचे तर हैदराबादेस निजाम कॉलेज होते, पण ते मद्रास विद्यापीठाशी जोडलेले. देशी भाषेचे तत्त्व योग्य असूनही ते चुकीच्या मुलावर लादले, तर त्याचे ओझे परकी भाषेइतकेच होते, हे त्या पिढीच्या अनुभवाने शिकविले.

१९२३ साली औरंगाबाद येथे उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. मराठवाड्यातील उच्चशिक्षणाचा हा आरंभ होय. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक हे त्याचे काही काळ प्राचार्य होते, आणि त्यांच्या वास्तव्यामुळे औरंगाबादेस उर्दू साहित्याचे एक केंद्रच निर्माण झाले. भोकरदनहून औरंगाबाद चाळीस-पन्नास मैल. म्हणजे मुलगा घर सोडल्याखेरीज कॉलेजात जाऊ शकत नव्हता. घर सोडले की प्रश्न येतो वसतिगृहाचा. आणि मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांच्या इतिहासातील पहिले मोठे प्रकरण वसतिगृहातच घडले, हे केवळ योगायोगाने नव्हे.

१९३८ च्या अखेरीस औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी ते बंद करण्याचा हुकूम काढला. विद्यार्थ्यांनी तो मानला नाही. आणि शेकडो विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व कॉलेजांतून काढून टाकण्यात आले. या घटनेचे राजकीय महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा तो एक अध्यायच आहे. आम्ही तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. वर्गातील जागा आणि डोक्यावरील छप्पर ही एकाच फटकाऱ्यात हिरावून घेणे ही शिक्षा ज्या मुलांना झाली, त्यांतील पुष्कळांना घरी परत जाण्याचे तोंड नव्हते. कारण त्यांच्या घरच्यांनी शेत गहाण टाकून किंवा पोटाला चिमटा घेऊन त्यांना धाडले होते. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, या काढून टाकलेल्या मुलांना आपल्याकडे घेतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतीलच एक. एका विद्यापीठाने काढून घेतलेले क्षेम दुसऱ्या विद्यापीठाने परत दिले. नागपूरने त्या वर्षी जे केले ते नियमांच्या पुस्तकात कोठे लिहिलेले नव्हते. ते विद्यार्थ्याकडे माणूस म्हणून पाहिल्यानेच घडले.

येथे कोणी असे विचारील की, जेवणाराहण्याची एवढी चिंता करण्याचे कारण काय? आमचे पूर्वज वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले, नगरपालिकेच्या दिव्याखाली वाचन करून न्यायाधीश झाले. ही गोष्ट खरी आहे, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची सात घरे लावून कित्येक मुलांनी विद्या संपादन केली, आणि त्या सात घरांतील गृहिणींचे उपकार महाराष्ट्रावर आहेत. परंतु या व्यवस्थेविषयी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही की, ती जातीच्या भिंतीच्या आत होती. ज्या मुलास कोणाच्याही ओसरीवर बसता येत नव्हते, त्याला आठवड्यातील एकही वार नव्हता. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जे टिकले त्यांनी आत्मचरित्रे लिहिली. जे अर्ध्या वाटेवरून परतले, आजारी पडले, किंवा मान खाली घालून जेवता जेवता ज्यांचे मनच मोडले, त्यांची आत्मचरित्रे नाहीत. तरून आलेल्यांच्या मोजणीवरून नदी उथळ होती असे अनुमान काढणे हा तर्क नव्हे. रानड्यांनी १८९४ साली बुडालेल्यांची गणना केली, म्हणूनच त्यांना नदीची खोली कळली.

वाराच्या जेवणाची जागा वसतिगृहाने घ्यावी, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठा शोध होय, आणि तो मुख्यतः कोल्हापुरास लागला. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, तसेच १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहे निघत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी एक पाऊल पुढे टाकले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींनी ते पाहिले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासुद्धा, विकले ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. १९२५ च्या आरंभी सोलापुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह सुरू केले. या तिन्ही उद्योगांमागील विचार एकच होता: शाळा उघडी असणे पुरेसे नाही, तेथे येणाऱ्या मुलास कोणाच्या उपकाराविना भाकरी मिळाली पाहिजे. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा हाच विचार सरकारी दप्तरात शिरला.

निजामाच्या राज्यात अशा उद्योगास वाव थोडा होता. खासगी शाळांवर बंधने होती. त्या बंधनांतूनही हिप्परगे येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तेथून आलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय नावारूपास आणले. परंतु खरा पालट झाला तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर. दोनच वर्षांनी, १९५० साली, मराठवाड्यात दोन महाविद्यालये निघाली: नांदेडास पीपल्स कॉलेज, आणि औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविण्यात आली. मिलिंद हे नाव ज्या यवन राजाचे, तो नागसेन भिक्षूशी वाद घालण्यास निघाला, वादात हरला आणि शिष्य झाला. महाविद्यालयास असे नाव देण्यात विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि उत्तर पटल्यास ते मानावे असा सगळा शिक्षणविचारच सामावलेला आहे. बाबासाहेबांची या संस्थेतील बांधकामावर, विहिरींवर, इतकेच काय, नागसेनवनातील झाडांवरही नजर असे. ज्या मुलांना गावात पाणवठा नव्हता त्यांच्यासाठी विहीर आणि सावली ही चैनीची गोष्ट नव्हती, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते?

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सर डोंगरकेरी नव्हेत, साधे एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले गृहस्थ. मराठवाड्याच्या मुलास आता हैदराबादेचा किंवा नागपूरचा रस्ता धरावयाचे कारण उरले नाही. भोकरदनच्या त्या मुलाचा मुलगा आता मराठीतून इतिहास शिकू लागला. परंतु बाप उर्दूत शिकलेला, मुलगा मराठीत शिकणारा आणि विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत, अशी ती पिढी होती. घरात अभ्यासाची परंपरा असूनही ती एका पिढीकडून दुसरीकडे सोपविता येऊ नये, अशी. आज त्याचा नातू महाविद्यालयात आहे, आणि त्याचे व्यावसायिक शिक्षण इंग्रजीत चालते. एका घराण्याने तीन पिढ्यांत तीन भाषांतून उच्चशिक्षण घेतले, आणि प्रत्येक पिढीस आरंभ पहिल्यापासून करावा लागला. आमच्या वर्गांत जो अबोलपणा आढळतो, प्रश्न विचारल्यावर ज्या माना खाली जातात, त्यास बुद्धीचे दारिद्र्य म्हणणारे अध्यापक आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते ते या इतिहासाचे फळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतून उच्चशिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तो शब्द पाळावयाचा तर उस्मानियाचे भाषांतरखाते आज पुन्हा अभ्यासण्यासारखे आहे, आणि त्याची चूकही.

विद्यापीठाच्या इतिहासात क्षेम मोडल्याचा दिवसही आहे, आणि तो गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दंगल उसळली. खेडोपाडी दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. शिकण्यासाठी शहरात आलेल्या दलित विद्यार्थ्यांच्या पाठीमागे गावी काय चालले असेल या भीतीची कल्पना करावी. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. या काळात जे विद्यार्थी होते ते आज साठीच्या घरात आहेत. ज्या वर्गात शेजारी बसलेल्यावर विश्वास ठेवता येत नाही त्या वर्गात अध्यापक कितीही विद्वान असला तरी अध्ययन होत नाही, हे ज्यांना कळावयाचे त्यांना त्या काळाने कळविले.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यापुढील दुष्काळ यांचाही हिशेब येथे धरला पाहिजे. दुष्काळाच्या वर्षी सरकार परीक्षाशुल्क माफ करते. ही चांगली गोष्ट आहे. परंतु शुल्क हा विद्यार्थ्याच्या खर्चाचा लहान भाग असतो. खोलीचे भाडे, खाणावळीचा महिना, गावाहून येण्याजाण्याचे भाडे, हे बापाच्या कापसाच्या आणि मिरचीच्या भावावर अवलंबून असते. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात भाव पडला की त्याचा धक्का शहरातील खाणावळीत बसतो. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात स्वाधार योजना आहे. २०२४ साली अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांपासून निघालेला प्रवाह अद्याप आटलेला नाही, हे पाहून समाधान वाटते.

आणि आता महाविद्यालयच गावाजवळ आले आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज भोकरदनात महाविद्यालय आहे. ज्या गावचा मुलगा घर सोडल्याशिवाय इंटरमीजिएटला जाऊ शकत नव्हता, त्या गावची मुलगी आज सकाळी घरून निघून दुपारी घरी परत येते आणि पदवीधर होते. या एका गोष्टीचे महत्त्व शंभर भाषणांनी सांगून होणार नाही. मुलीच्या बाबतीत तर घर सोडण्याची अट काढून टाकणे म्हणजे दारच उघडणे होते.

तथापि दार उघडले म्हणजे घर उभे राहिले असे नव्हे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आले, पण त्याबरोबर विद्यार्थ्याचा दिवस आला नाही. सत्रपद्धतीच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात, आणि नेमका तोच कापूस वेचणीचा हंगाम. ज्या घरी वेचणीला माणूस नाही त्या घरचा मुलगा वर्गात नसतो. हजेरीच्या पुस्तकात तो गैरहजर. शेतात तो हजर. अभ्यासक्रम ज्यांनी आखला त्यांनी शेतीचे पंचांग पाहिले नव्हते, एवढेच येथे म्हणता येईल. शिकविणाऱ्याची स्थितीही अशीच विचार करण्यासारखी आहे. राज्यातील महाविद्यालयांत पुष्कळ शिकवणे तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांकडून चालते. जितके तास घेतले तितक्याचे मानधन. सुटीचे काही नाही, पुढच्या वर्षाचे आश्वासन नाही. असा तरुण अध्यापक एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्याकडे धावतो. त्याने विद्यार्थ्याची ओळख करून घ्यावी, त्याच्या घरची विचारपूस करावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्याचे स्वतःचे क्षेम ठिकाणावर नाही त्याने दुसऱ्याचे कसे पाहावे?

भाकरी, छप्पर आणि भाषा यांखेरीज क्षेमाचे एक चौथे अंग आहे. ते मनाचे. पूर्वी त्याचा उल्लेखही करण्याची रीत नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांत शाळेचे व महाविद्यालयाचे दोन्ही आहेत, आणि राज्यवार पाहता महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करण्यासाठी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. मुंबईत रानड्यांनी जो प्रश्न विचारला तो एकशे एकतीस वर्षांनी दिल्लीत पुन्हा विचारला गेला. मधल्या काळात विद्यापीठे शेकड्यांनी वाढली.

अशा मरणांची कारणे एकेरी नसतात, आणि ती अमुक एका परीक्षेच्या माथी मारून मोकळे होणे सोपे पण चुकीचे आहे. कर्ज असते, घरातील कलह असतो, जातीवरून झालेला अपमान असतो, स्पर्धापरीक्षांची वर्षामागून वर्षे वाट पाहणे असते, आणि आजारही असतो. मनाचा आजार हा तापाइतकाच खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने सर्वांस दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही. ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांतील मुलांना हा क्रमांक ठाऊक आहे काय, हे वडीलमंडळींनी विचारून पाहावे. विचारल्याने मुलाच्या मनात भलते येईल ही भीती निराधार आहे, असे या शास्त्रातील जाणते सांगतात. उलट कोणीतरी विचारले, हाच पुष्कळदा आधार होतो.

आमची सूचना मोठी नाही. कृतिदलाचा अहवाल, समुपदेशकांच्या जागा, वसतिगृहांची संख्या, या गोष्टी सरकारने व विद्यापीठांनी करावयाच्या आहेत, आणि त्या केल्याच पाहिजेत. परंतु जे आजच होऊ शकते ते एवढे की, प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्यास नावाने ओळखणारा एक तरी कायम अध्यापक असावा, आणि तो सलग आठवडाभर न दिसल्यास त्याच्या घरी कोणीतरी चौकशी करावी. कापूस वेचीत असेल तर तेही कळेल, आणि त्याच्या परीक्षेची सोय करता येईल. आजारी असेल तर कळेल. आणखी काही असेल तर तेही वेळेवर कळेल. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात हे निराळे शिकवावे लागत नव्हते, कारण एका पंक्तीत एक पान रिकामे राहिले की ते सर्वांस दिसत असे. महाविद्यालय गावागावांत पोहोचल्याने ती पंक्ती मोडली. आता पान रिकामे राहिले तरी कोणास दिसत नाही.

भोगवर्धनाच्या ज्या रहिवाशांनी सांचीला दाने दिली, त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत म्हणून दोन हजार वर्षे उलटूनही आपण ती वाचू शकतो. त्याच गावातून आज महाविद्यालयात येणाऱ्या मुलाचे व मुलीचे नाव निदान त्याच्या अध्यापकास तरी पाठ असावे, एवढे मागणे जास्तीचे नाही.